मुलगा शाळेंत घातला म्हणून दंड

(मध्ययुगांतील इंग्लंडच्या शेतकऱ्याची हकीकत. खेड्यांतील एका शिक्षकानें शेतकरी मंडळींपुढें केलेलें भाषण.)



युरोपचा जुना इतिहास म्हटला म्हणजे शाळेच्या पुस्तकांत चिलखत घातलेले सरदार, उंच किल्ले आणि आभाळाला टेकलेलीं देवळें यांचीं चित्रें येतात. तीं पाहून मुलांना वाटतें कीं तिकडे सगळींच माणसें घोड्यावर बसत होतीं. पण त्या घोड्याला दाणा कोण पिकवीत होता, देवळाचा दगड कोण वाहत होता आणि किल्ल्यांतल्या ताटांत पडणारें अन्न कोणाच्या शेतांतून येत होतें, हें त्या चित्रांत दिसत नाहीं. आज आम्ही त्या न दिसणाऱ्या माणसाची हकीकत सांगणार आहों. देश इंग्लंड, आणि काळ इसवी सन १०८६ पासून सुमारें १५०० पर्यंतचा.

त्या काळच्या जहागिरींचीं दप्तरें आजही शिल्लक आहेत. त्यांत कुळांकडून घेतलेल्या दंडांच्या लांबलचक याद्या आहेत. कोणी धन्याच्या रानांतलें लांकूड तोडलें, दंड. कोणाची गाय धन्याच्या कुरणांत शिरली, दंड. आणि त्याच यादींत मधूनच अशीही नोंद सांपडते कीं अमक्या कुळानें धन्याची परवानगी न घेतां आपला मुलगा शाळेंत घातला, सबब दंड. गाय कुरणांत शिरणें आणि मुलगा शाळेंत जाणें हे दोन गुन्हे एकाच पंगतीला कसे बसले? याचा उलगडा करणें हाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम त्या समाजाची मांडणी पाहूं. १०३० च्या सुमारास फ्रान्सांतील लाँ येथील अडाल्बेरो नांवाच्या बिशपानें आपल्या राजासाठीं एक काव्य रचलें. त्यांत त्यानें सांगितलें कीं देवाचें घर एक असलें तरी त्यांत माणसें तीन प्रकारचीं: एक प्रार्थना करणारीं, दुसरीं लढणारीं आणि तिसरीं राबणारीं. हाच विचार इंग्लंडांत त्याच्याही आधीं, नवव्या शतकाच्या अखेरीस, आल्फ्रेड राजाच्या लेखनांत आलेला होता. पाद्री सर्वांसाठीं देवाला आळवतो, सरदार सर्वांचें रक्षण करतो आणि शेतकरी सर्वांना पोसतो. तिघांनीं आपापलें काम केलें म्हणजे जग सुरळीत चालतें, असा हा हिशेब. ऐकावयास गोड आहे. परंतु प्रार्थना करणाऱ्याला राबण्याची सक्ती नव्हती, लढणाऱ्याला राबण्याची सक्ती नव्हती. राबणाऱ्याला मात्र राबण्याखेरीज दुसरें कांहीं करण्याची मुभा नव्हती. खुद्द त्या बिशपानेंही आपल्या काव्यांत कबूल केलें आहे कीं धनी गुलामाला पोसतो असें म्हणतात, पण खरें पाहतां गुलामच धन्याला पोसतो. एवढी कबुली देऊन बिशपमहाराज आपल्या आसनावर बसून राहिले. आसन कांहीं त्यांनीं सोडलें नाहीं!

मंडळी, ही मांडणी राबणाऱ्यानें लिहिलेली नाहीं, हें ध्यानांत ठेवा. लिहिणारा वरच्या पायरीवर बसलेला होता, म्हणून त्याला सगळा जिना देवानें बांधलेला दिसला.

आतां इंग्लंडांत या. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजानें १०८५ च्या नाताळांत हुकूम काढून १०८६ सालीं देशाची पाहणी करविली. कोणत्या गांवांत नांगर किती, पाणचक्क्या किती, कुरण किती, माणसें किती, आणि तें सगळें कोणाच्या मालकीचें, हें लिहून काढलें. या बाडाला पुढें लोकांनीं 'डूम्सडे बुक', म्हणजे शेवटच्या न्यायाच्या दिवसाचें पुस्तक, असें नांव दिलें. कारण देवाच्या न्यायाप्रमाणें त्यांतील नोंदीवरही दाद नव्हती. त्यांत नोंदलेल्या माणसांपैकीं शेंकडा १० च्या सुमारास उघड गुलाम होते. पुढल्या शंभर वर्षांत ही उघड गुलामगिरी नाहींशी झाली खरी. पण एकीकडे गुलाम थोडे वर आले, तर दुसरीकडे पुष्कळ मोकळे शेतकरी खालीं ओढले गेले. १२०० च्या सुमारास राजाच्या न्यायाधिशांनीं 'व्हिलीन' या शब्दाचा अर्थ पक्का केला. व्हिलीन म्हणजे धन्याशीं बांधलेलें कूळ. हें बंधन जन्मानेंच अंगाला चिकटे. बाप बांधील म्हणून मुलगा बांधील, आणि मुलगा बांधील म्हणून नातू बांधील. १३०० च्या सुमारास खेड्यांतील निम्म्याच्या आसपास लोक असे बांधील होते.

या माणसाचा दिवस कसा जाई? मध्य इंग्लंडांतील पुष्कळ गांवांत शेतांना कुंपणें नसत. गांवची जमीन दोन किंवा तीन मोठ्या रानांत विभागलेली असे. एका रानांत थंडीपूर्वीं गहूं पेरीत, दुसऱ्यांत वसंत ऋतूंत जव, ओट व वाटाणे पेरीत, आणि तिसरें पडीक ठेवून त्यांत गुरें चारीत. दरसाल हा फेरा बदले. प्रत्येक रानाचे लांब अरुंद पट्टे असत, आणि एका कुळाचे पट्टे निरनिराळ्या ठिकाणीं विखुरलेले असत, म्हणजे चांगली व हलकी जमीन सर्वांच्या वांट्याला येई. पूर्ण खातें सुमारें ३० एकरांचें. पण १५ एकरांवर किंवा त्याहूनही कमी जमिनीवर गुजराण करणारीं कुळें फार होतीं. नांगर जड, त्याला आठ आठ बैल जुंपावे लागत. एवढे बैल एका घरीं कोठून येणार? म्हणून शेजारी शेजारी सावड करीत.

घर म्हणजे लांकडाचा सांगाडा, कुडाच्या भिंती, त्यांवर मातीचा गिलावा आणि वर गवताचें छप्पर. घराच्या मध्यभागीं जमिनीवर चूल. धुरांडें नाहीं, धूर छपरांतून आपली वाट काढी. कित्येक ठिकाणीं एकाच लांब घराच्या एका टोकाला माणसें आणि दुसऱ्या टोकाला गुरें राहात. जेवण म्हणजे जव किंवा राय या धान्याचा काळसर, जाड पाव, वाटाणे, घेवडा, कोबी व कांदा घालून शिजविलेलें घट्ट कढण, आणि जवाची 'एल' नांवाची हलकी दारू. चीज, अंडें, खारवलेलें डुकराचें मांस हें ऐपतीप्रमाणें. गव्हाचा पांढरा पाव धन्याच्या टेबलावर. घरची बाई गुरांची धार काढी, लोंकर कांती, कापणीला पुरुषाच्या बरोबरीनें उभी राही, आणि चार पैसे मिळावेत म्हणून एल करून शेजाऱ्यांना विकी. त्यावरही जहागिरीच्या कचेरींत तिला दंड भरावा लागे. हा दंड इतका नेमानें घेत कीं त्याला दंड म्हणण्यापेक्षां परवाना-पट्टी म्हणणेंच बरें.

यॉर्कशायर परगण्यांत वॉरम पर्सी नांवाचें एक ओसाड गांव आहे. १९५० पासून १९९० पर्यंत दर उन्हाळ्यांत विद्वानांनीं तें खणून पाहिलें. तेथें देवळाभोंवतीं पुरलेल्या सहाशेंहून अधिक माणसांच्या हाडांची तपासणी झाली. पुस्तकें लिहिणाऱ्यांनीं जें लिहिलें नाहीं तें हाडांनीं सांगितलें. तेथील मुलें आजच्या त्याच वयाच्या मुलांपेक्षां बरीच खुजी होतीं. अन्न पिकविणाऱ्याच्याच पोटीं अन्न पुरेसें जात नव्हतें. १३१५ पासून १३१७ पर्यंत पावसानें पिकें कुजलीं, तेव्हां तर इंग्लंडांत हजारों माणसें उपासमारीनें व रोगानें मेलीं.

आतां बांधीलपणाचा भार ऐका. आठवड्यांतले दोन किंवा तीन दिवस कुळानें धन्याच्या खासगी शेतांत फुकट राबावयाचें. आपल्या भाषेंत याला वेठ म्हणतात. सुगीच्या दिवसांत ही वेठ वाढे. ज्या दिवशीं आभाळ उघडें आणि स्वतःचें पीक कापणीला आलेलें, नेमकी त्याच दिवशीं मुकादमाची हांक येई. हा मुकादम कुळांपैकींच एक असे. बहुतेक मुकादमांना अक्षर येत नसे. ते काठीवर खांचा पाडून हिशेब ठेवीत, आणि वर्षअखेरीस धन्याचा कारकून तो हिशेब लॅटिन भाषेंत चामड्यावर उतरून घेई. काठीवरची खांच आणि चामड्यावरचें अक्षर यांत तफावत पडली तर खरें कोणतें ठरत असेल, हें आपणांस सांगावयास नकोच!

वेठीशिवाय पट्ट्या निराळ्या. घरचा कर्ता मेला कीं सगळ्यांत चांगलें जनावर धन्यानें न्यावयाचें. पुष्कळ ठिकाणीं त्याच्या खालोखालचें पाद्र्यानें न्यावयाचें. म्हणजे ज्या दिवशीं घरांतला हात गेला त्याच दिवशीं दावणीचा बैलही गेला. मुलीचें लग्न करावयाचें तर धन्याला लग्नपट्टी. गांव सोडून दुसरीकडे राहावयाचें तर दरसाल त्याची पट्टी. पिकाचा दहावा हिस्सा देवळाला. दळण धन्याच्याच चक्कीवर दळावयाचें आणि दळणांतला हिस्सा तेथें ठेवून यावयाचें; घरीं जातें ठेवणें हा गुन्हा. आणि या सर्वांविरुद्ध दाद कोठें मागावयाची? राजाच्या न्यायालयांत बांधील कुळाला धन्यावर जमिनीसाठीं फिर्याद करतां येत नसे. दाद धन्याच्याच कचेरींत, धन्याच्याच कारभाऱ्यापुढें. बर्टन येथील मठाच्या मिकलओव्हर गांवच्या कुळांनीं १२८० सालीं धीर करून तक्रार केली, तेव्हां मठाधिपतीनें त्यांना सुनावलें कीं कायद्यानें तुमचें म्हणून कांहीं असेल तर तें तुमचें पोट. हे बोल एखाद्या लुटारू सरदाराचे नव्हेत. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करणाऱ्या मठपतीचे आहेत.

आतां शाळेकडे वळूं. हें सगळें ओझें कशावर टेकलेलें होतें? तलवार होतीच, पण तलवार रोज उपसावी लागत नव्हती. रोजचें काम दप्तर करी. कोणाच्या आजानें किती दिवस वेठ केली, कोणाच्या आत्यानें लग्नपट्टी भरली, हें सर्व चामड्याच्या गुंडाळ्यांवर लिहिलेलें असे. कोणी म्हणाला कीं आम्ही मोकळे आहोंत, कीं कारभारी गुंडाळी उलगडी: हा पाहा तुझा आजा, यानें पट्टी भरली आहे, तेव्हां तूं बांधील. ती गुंडाळी लॅटिनांत. लॅटिन शिकवीत पाद्र्यांच्या शाळांत. आणि त्या शाळेच्या दारावर धन्याची चौकी!

ही चौकी फार जुनी. दुसऱ्या हेन्री राजाच्या कारकीर्दींत ११६४ सालीं क्लॅरंडन येथें जे नियम लिहिले गेले, त्यांतील शेवटचा, म्हणजे सोळावा नियम असा कीं कुळांच्या मुलांना त्यांच्या धन्याच्या संमतीवांचून पाद्रीपदाची दीक्षा देऊं नये. कारण उघड आहे. मुलगा शिकला कीं डोईचा मध्यभाग मुंडून पाद्री होणार. पाद्री झाला कीं त्याच्यावर सत्ता धर्मपीठाची, धन्याची नव्हे. म्हणजे नांगराचे दोन हात कमी झाले, पुढें होणारीं त्याचीं पोरेंबाळेंही गेलीं. गाय कुरणांत शिरली तर धन्याचें गवत जातें, आणि मुलगा शाळेंत शिरला तर धन्याचा माणूस जातो. दोन्ही नुकसानी एकाच वहींत मांडण्यांत धन्याचा हिशेब चुकला नव्हता, असेंच म्हणावें लागेल.

तरीही कुळें दंड भरीत आणि मुलें शाळेंत घालीत. आम्हांला त्या सर्व दप्तरांतली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते. ज्याच्या घरीं मीठ जपून वापरीत त्यानें चार पेन्स बाजूला काढले आणि मुलाच्या अक्षरासाठीं ते दंड म्हणून मोजले. त्यांतल्या बहुतेकांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. नोंद आहे ती फक्त दंडाची.

परंतु येथें एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीं तर हकीकत अर्धीच राहील. वॉलिंगफर्ड गांवच्या एका लोहाराचा मुलगा रिचर्ड. बाप लहानपणींच वारला. तेथील मठाच्या प्रमुखानें त्याला पाळलें आणि ऑक्सफर्डास धाडून शिकविलें. मुलगा विलक्षण बुद्धीचा निघाला. गणित आणि ज्योतिष यांत त्यानें नांव काढलें, आकाशांतील गति दाखविणारें एक अद्भुत घड्याळ रचलें, आणि १३२७ सालीं तो सेंट ऑल्बन्स येथील बलाढ्य मठाचा अधिपति झाला. भात्याशीं वाढलेला मुलगा एवढा वर चढला, याचा कोणाला आनंद होणार नाहीं? पण त्याच काळांत त्या गांवच्या लोकांचा मठाशीं तंटा चालू होता. मठाच्या चक्कीवर दळण नेणें नको म्हणून लोक घरीं जातीं ठेवीत. या लोहारपुत्रानें तीं जातीं जप्त केलीं. आणि त्या तळ्या मठाच्या बैठकीच्या जमिनींत फरशीसारख्या बसविल्या गेल्या. म्हणजे घरोघरचीं जातीं गेलीं, आणि मठाचा पाहुणा त्यांवर जोडे ठेवून बसूं लागला. विद्या माणसाला वर नेते हें खरें. पण वर गेलेला माणूस कोणाच्या बाजूला बसतो हें विद्या ठरवीत नाहीं. तें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें.

रिचर्ड १३३६ सालीं वारला. त्यानंतर बारा वर्षांनीं, १३४८ च्या उन्हाळ्यांत, डॉर्सेट परगण्यांतील मेलकम बंदरांतून इंग्लंडांत प्लेग शिरला. दीड वर्षांत देशांतलीं तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत माणसें मेलीं. जे जगले त्यांना एक नवीच गोष्ट दिसून आली. शेतें तेवढींच, पण हात निम्मे. काल ज्याला मुकादम हांकून नेई, त्याला आज दुसऱ्या गांवचा धनी जास्त मजुरी देऊन बोलावूं लागला. तेव्हां सरकार ताबडतोब धांवलें. अर्थात् धन्यांच्या मदतीला! १३४९ सालीं हुकूम निघाला आणि १३५१ सालीं कायदा झाला कीं प्लेगपूर्वीं जी मजुरी होती तीच द्यावी व तीच घ्यावी. कापणी करणाऱ्याला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत रोज २ पेन्स, दुसऱ्या आठवड्यांत ३ पेन्स. अधिक मागेल त्याला शिक्षा. १३६३ सालीं तर कोणीं काय ल्यावें व काय खावें याचाही कायदा झाला. नांगऱ्या, गाडीवान, गुराखी यांनीं जाड्याभरड्या लोंकरीखेरीज दुसरें कापड अंगावर घालूं नये. चाकरांनीं मांस किंवा मासे दिवसांतून एकदांच खावे. दोन वर्षांच्या आंत हा कायदा रद्द करावा लागला. पण कायदा करावासा वाटला, यांतच सर्व आलें. गरीब माणूस बरा कपडा घालूं लागला कीं कोणाच्या तरी डोळ्यांत खुपतो!

आणि आतां कुळें कागदाच्या मागें लागलीं. १३७७ च्या सुमारास दक्षिण इंग्लंडांतील सुमारें चाळीस गांवच्या लोकांनीं वर्गणी जमवून त्या जुन्या डूम्सडे पुस्तकांतील आपापल्या गांवच्या नोंदीच्या सरकारी नकला विकत घेतल्या. आपलें गांव मूळचें राजाचें आहे, सबब जास्त वेठ आम्हांवर लागू नाहीं, हें त्यांना सिद्ध करावयाचें होतें. ज्या पुस्तकांत आपल्या आज्यापणज्यांना बैलांच्या शेजारीं मोजलें, त्याच पुस्तकांतून सुटकेचा मार्ग शोधण्याची ही धडपड होती. निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. पार्लमेंटांत बसलेल्या जमीनदारांनीं उलट ओरड केली कीं कुळें माजलीं, यांना आवरा.

याच सुमारास फ्रान्सबरोबरच्या लढाईसाठीं डोईपट्टी बसली. १३७७ सालीं डोईमागें ४ पेन्स. १३८० सालीं तीच १२ पेन्स. १३८१ च्या मे अखेरीस एसेक्स परगण्यांत ठिणगी पडली आणि केंट परगणा पेटला. वॉट टायलर हा त्यांचा पुढारी, आणि जॉन बॉल नांवाचा गरीब पाद्री त्यांचा उपदेशक. हा सांगे कीं देवानें आरंभीं सर्वांना सारखें निर्माण केलें. बांधीलपणा हा दुष्ट माणसांनीं मागाहून लादला. १३ जून रोजीं लोक लंडनांत शिरले. १४ तारखेस माइल एंड येथें चौदा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड त्यांना भेटला. बांधीलपणा रद्द करा आणि जमीन एकरीं ४ पेन्स खंडानें द्या, ही त्यांची मागणी. राजानें होकार दिला, कारकून बसविले आणि सनदा लिहून देण्यास आरंभ केला. १५ तारखेस स्मिथफील्ड येथें बोलणीं चालू असतां टायलरला ठार मारण्यांत आलें.

या बंडांत लोकांच्या हातून वाईट कृत्येंही घडलीं. मुख्य बिशप सडबरी याचें त्यांनीं डोकें उडविलें, आणि लंडनांत राहणाऱ्या फ्लँडर्सच्या गरीब परदेशी कारागिरांची विनाकारण कत्तल झाली. त्याचें समर्थन आम्ही करणार नाहीं. पण गांवोगांव त्यांनीं काय जाळलें तें पाहा. एसेक्समध्यें, केंटमध्यें, हर्टफर्डमध्यें ते जहागिरीच्या वाड्यांत शिरत आणि दप्तराच्या गुंडाळ्या बाहेर काढून होळी करीत. केंब्रिजच्या बाजारांत विद्यापीठाचीं कागदपत्रें जाळलीं गेलीं, आणि एका म्हातारीनें ती राख वाऱ्यावर उधळून कारकुनांच्या विद्येला निरोप दिला. ती म्हातारी विद्येची वैरीण होती काय? विद्येचें एकच रूप तिच्या वांट्याला आलें होतें, तें म्हणजे तिच्याविरुद्ध लिहिलेला कागद.

सेंट ऑल्बन्सचे लोकही उठले. ते मठाच्या बैठकींत गेले, फरशींत बसविलेल्या त्या जात्यांच्या तळ्या उखडून काढल्या, फोडल्या, आणि देवळांत प्रसादाचा पाव वांटतात तसे ते तुकडे आपसांत वांटून घेतले. त्यांची दुसरी मागणी अशी कीं ऑफा राजानें आमच्या पूर्वजांना दिलेली, सोनेरी व निळ्या अक्षरांची सनद मठानें दडवून ठेवली आहे, ती बाहेर काढा. मठानें सांगितलें, अशी सनद नाहीं. ज्याला वाचतां येत नाहीं त्यानें ती कोठें शोधावी आणि सांपडली तरी ओळखावी कशी?

पुढें जें व्हावयाचें तेंच झालें. २ जुलै रोजीं राजानें आपल्या सनदा रद्द केल्या. दिलेलें वचन आठवून देण्यास आलेल्या एसेक्सच्या लोकांना त्यानें सांगितलें कीं तुम्ही कुळें होतां आणि कुळेंच राहाल, असें मठाच्या बखरकारानें लिहिलें आहे. १५ जुलै रोजीं सेंट ऑल्बन्स येथें जॉन बॉल यास फांशी झाली. या बंडाची हकीकत आपणांस कळते तीही बहुतेक त्यांच्या शत्रूंनीं लिहिली म्हणूनच. वर सांगितलेला बखरकार त्याच मठाचा संन्यासी होता.

बंड मोडलें. परंतु धन्यांना भय कशाचें वाटलें तें पुढल्या दहा वर्षांत दिसून आलें. १३९१ सालीं पार्लमेंटांतील जमीनदारांनीं राजाकडे अर्ज केला कीं बांधील कुळांना आपलीं मुलें शाळांत घालून वर चढविण्याची बंदी करावी. राजानें विचार करूं असें म्हणून तो अर्ज बाजूला ठेवला. दरबारी भाषेंत याचा अर्थ नकार. आणि १४०६ सालीं कायद्यांत स्पष्ट लिहिलें गेलें कीं कोणत्याही दर्जाच्या पुरुषास अथवा स्त्रीस आपला मुलगा किंवा मुलगी राज्यांतील वाटेल त्या शाळेंत घालण्याची मोकळीक आहे. मुलगीसुद्धां, हें लक्षांत घ्या. हा कायदा कांहीं दयेचा सागर नव्हता. ज्याच्या जमिनीचें उत्पन्न सालीना २० शिलिंगांहून कमी त्यानें आपलें मूल शहरांत धंदा शिकण्यास ठेवूं नये, अशी बंदी त्याच कायद्यांत होती. शेतीला मजूर कमी पडत होते ना! तरी शाळेच्या दारावरची चौकी कायद्यानें उठली. ११६४ पासून १४०६ पर्यंत, २४२ वर्षें लागलीं.

बांधीलपणा मग हळूहळू झिजला. मजूर मिळेना, म्हणून धन्यांना वेठ सोडून पैशाचा खंड घेणें भाग पडलें. पंधराव्या शतकांत एक नवी वहिवाट पसरली. कुळाच्या जमिनीची नोंद दप्तरांत होई आणि तिची नक्कल कुळाच्या हातांत मिळे. अशा कुळाला 'कॉपीहोल्डर', म्हणजे नकलेवर जमीन धरणारा, असें नांव पडलें. ज्या गुंडाळीनें आज्याला बांधलें, तिच्याच नकलेनें नातू धन्याला अडवूं लागला. पहिल्या एलिझाबेथ राणीनें १५७४ सालीं राजघराण्याच्या जमिनीवरील उरलेल्या बांधील कुळांना पैसे घेऊन मोकळें करण्याची व्यवस्था केली. ती नकलेची वहिवाट तर कायद्यानें १९२६ सालीं संपली.

परंतु सर्वांच्याच हातीं पक्की नक्कल आली नाहीं. लोंकरीचा भाव चढला तेव्हां पुष्कळ धन्यांना माणसांपेक्षां मेंढ्या परवडूं लागल्या. मघां सांगितलेलें वॉरम पर्सी हें गांव असेंच उठलें. १५०० च्या सुमारास तेथील उरलीं सुरलीं कुटुंबें काढून देऊन त्या रानांत मेंढ्या सोडल्या. तीं माणसें तोंवर पुष्कळशीं मोकळीं झालीं होतीं. पण मोकळ्या माणसाच्या पायाखालची जमीन त्याची नसली तर तो मोकळेपणानें रस्त्यावरच येतो.

तर मंडळी, गाय आणि मुलगा एका यादींत कां आले याचें उत्तर आपणांस मिळालें. बंधन अक्षरांनीं लिहिलें होतें, म्हणून अक्षर हें धन्याला कुऱ्हाडीपेक्षां भयंकर वाटत होतें. बंडवाल्यांनीं गुंडाळ्या जाळल्या, त्यांचा राग खरा होता. पण मठांतला कारकून दुसऱ्या दिवशीं नवी गुंडाळी लिहावयास बसला. ज्या बापानें चार पेन्स दंड भरून मुलगा शाळेंत घातला, त्यानें मात्र असें काम केलें कीं तें धन्याला उलट करतां येईना. शिकलेला मुलगा पुन्हां न शिकलेला करतां येत नाहीं. तो रिचर्डसारखा वर जाऊन आपल्याच लोकांचीं जातीं उचलील, कीं परत येऊन शेजाऱ्याची गुंडाळी वाचून दाखवील, हें त्याच्या घरच्या आणि गांवच्या संस्कारावर आहे. तें काम शाळा एकटी करूं शकत नाहीं, हें आम्ही शाळामास्तर असूनही सांगतों.

ज्याच्या नांवानें कागद लिहिला जातो त्याला तो वाचतां आला पाहिजे. आणि ज्याला वाचतां येतें त्यानें तो शेजाऱ्याला मोठ्यानें वाचून दाखविला पाहिजे. एवढें सांगून आम्ही आपली रजा घेतों.